चित्रकाम आणि मातीकाम एकाच खोलीत: चिंध्या, धूळ आणि वाफांबाबत कोणती काळजी घ्यावी?

तैलरंग (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे तैलरंगांत चित्रे काढते. काही महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीसोबत मी एक खोली घेतली असून तिच्यात माझे चित्रकाम आणि तिचे मातीकाम अशी दोन्ही कामे चालतात. खोली साधारण तीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहे. तिला एकच दार आणि समोरच्या भिंतीत एकच मोठी खिडकी आहे. एका कोपऱ्यात मैत्रिणीचे चाक आणि सुकत ठेवलेल्या भांड्यांची फळी आहे. भट्टी अजून आणलेली नाही, पण एक छोटी विजेची भट्टी बसवण्याचा विचार आहे.

गेल्या आठवड्यात घडलेल्या एका गोष्टीमुळे हा प्रश्न विचारावासा वाटला. रात्री उशिरापर्यंत काम करून मी जवसाच्या तेलाने भिजलेल्या सगळ्या चिंध्यांचा एक बोळा केला, तो पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला आणि शेजारीच थोडी विश्रांती घेतली. दोनतीन तासांनी खोक्यातून रंगाची नळी काढताना हात त्या बोळ्याला लागला, तर तो चांगलाच गरम लागला. उकलून पाहिला तेव्हा आतल्या घडीतले कापड तपकिरी पडले होते आणि त्याला करपल्यासारखा उग्र वास येत होता. आसपास दिवा, शेगडी किंवा ऊन असे काहीही नव्हते. तेलाच्या चिंध्या आपोआप पेटतात हे मी ऐकले होते, पण ते कारखान्यांपुरते असावे अशी माझी समजूत होती.

दुसरी अडचण अशी की, थंडीत खिडकी लावून काम केले की दोनेक तासांनी माझे डोके दुखू लागते. रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला मी टर्पेंटाइन सोडून गंधहीन मिनरल स्पिरिट वापरू लागले, त्यामुळे वास गेला, पण डोकेदुखी काही पूर्ण गेली नाही. मैत्रीण रोज संध्याकाळी खोली झाडून काढते, तेव्हा आम्ही दोघीही तोंडाला साधा कापडी मास्क बांधतो. माझी पाच वर्षांची मुलगी अधूनमधून तिथे येऊन बसते, म्हणून काळजी अधिक वाटते.

नेमके काय बदलावे, कोणत्या क्रमाने बदलावे आणि कोणत्या गोष्टीला मुळीच सूट देऊ नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना कॅनव्हास

नमस्कार. आपण तो बोळा वेळेवर उकललात, हे फार चांगले झाले. आपल्या प्रश्नातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो, त्यामुळे ती उष्णता लगेच हवेत विरते आणि आपल्याला जाणवतही नाही. चिंध्यांच्या बोळ्यात मात्र तेल कापडाच्या असंख्य धाग्यांवर पसरलेले असल्यामुळे हवेशी त्याचा संपर्क भरपूर असतो, आणि घड्यांमध्ये कोंडलेली उष्णता बाहेर पडू शकत नाही. कापड जितके तापते तितकी ही क्रिया वेगाने होते आणि जितकी ती वेगाने होते तितके कापड आणखी तापते. या चक्रात काही तासांत कापड पेटू शकते, त्यासाठी बाहेरच्या ठिणगीची गरज नसते. आक्रोडाचे तेल, करडईचे तेल आणि टंग तेल यांनाही हेच लागू आहे. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांच्या चिंध्यांना हा धोका नाही.

हे कारखान्यांपुरते नाही, याचे एक उदाहरण देतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर आग लागली. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांच्या कामात वापरलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तिथे तशाच ठेवल्या गेल्या होत्या. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले आणि आग अखेर ३० व्या मजल्यावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांमुळे थांबली. एवढ्या मोठ्या इमारतीचे जे झाले, त्याची सुरुवात आपल्या खोक्यातल्या बोळ्यासारख्याच एका बोळ्यातून झाली होती.

उपाय अगदी साधा आहे, पण तो रोज आणि न चुकता करावा लागतो. घट्ट झाकणाचा धातूचा डबा आणून त्यात पाणी भरून ठेवावे आणि वापरलेली प्रत्येक चिंधी, कागदी रुमालसुद्धा, हातातून थेट त्या पाण्यात बुडवावी. दिवसाच्या शेवटी सगळ्या एकदम टाकू असे म्हणू नये, कारण तोपर्यंत टेबलावर ढीग तयार झालेलाच असतो. ज्यांना डबा शक्य नाही त्यांनी चिंध्या उघड्यावर, जळणार नाही अशा पृष्ठभागावर एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात. पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकची पिशवी आणि कचऱ्याची बादली या तीन जागा मात्र पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात.

आता डोकेदुखीकडे वळतो. वास नाही म्हणजे वाफ नाही, ही समजूत आपण मनातून काढून टाकावी. गंधहीन मिनरल स्पिरिटमधून उग्र वासाचा अंश काढलेला असतो, त्यामुळे ते टर्पेंटाइनपेक्षा सौम्य असते हे खरे, पण त्याची वाफ होतेच आणि ती श्वासावाटे शरीरात जातेच. उलट वासाची सूचना मिळत नसल्यामुळे माणूस बंद खोलीत अधिक वेळ बसून राहतो. टर्पेंटाइनबद्दल हेही लक्षात ठेवावे की, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याच्या पृष्ठभागावरची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, म्हणून खोलीत ज्योत किंवा तापलेली तार असलेला हीटर अजिबात नसावा, आणि पुढे भट्टी आली तर तिच्याजवळ ही द्रव्ये मुळीच नसावीत.

छताचा पंखा खोलीतली हवा बदलत नाही, तीच हवा ढवळतो, आणि वातानुकूलन यंत्राचेही बहुधा तसेच असते. आपल्याला हवा बाहेर टाकणारा पंखा हवा आहे. तो खिडकीत बसवावा आणि दार किंचित उघडे ठेवून ताजी हवा आत येऊ द्यावी. ती हवा आपल्या पाठीमागून यावी, आपल्या चेहऱ्यावरून कामाकडे जावी आणि कामावरून खिडकीबाहेर पडावी, अशा रीतीने ईझल, म्हणजे कॅनव्हास टेकवायची घोडी, ठेवावे. आपल्या खोलीत दार आणि खिडकी समोरासमोर असल्यामुळे हे सहज जमण्यासारखे आहे. हवा नेमकी कुठे वाहते ते पाहायचे असेल, तर पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी चिमटीत धरून ईझलजवळ उभे राहावे. पट्टी आपल्या तोंडाकडे झुकली, तर मांडणी चुकली आहे.

यापेक्षाही परिणामकारक गोष्ट म्हणजे विरलक, म्हणजे टर्पेंटाइनसारखे रंग पातळ करणारे द्रव, वापरणेच कमी करणे. मी गेली काही वर्षे ब्रश आधी कागदाने कोरडे पुसतो, मग करडईच्या तेलात खळबळतो आणि शेवटी साबणाने धुतो. सुरुवातीला वेळखाऊ वाटले, पण आता टेबलावर विरलकाची उघडी वाटी नसते. ज्यांना विरलकाशिवाय चालत नाही, त्यांनी ते झाकणाच्या बाटलीत ठेवावे आणि लागेल तेवढेच उघडावे.

ओली माती

मैत्रिणीच्या बाजूने मी लिहिते, कारण खरा धोका कुठे आहे हे मातीकाम करणाऱ्यांना फार उशिरा कळते, आणि मलाही ते उशिराच कळले.

कृपया आजपासून खोली झाडणे बंद करावे. मातीच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिचे फुप्फुसात खोलवर जाणारे कण काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना दिसते ती धूळ लवकर खाली बसते. न दिसणारी धूळ मात्र स्थिर हवेतही काही तास तरंगत राहते. म्हणजे मैत्रीण झाडून निघून गेल्यावर जी व्यक्ती त्या खोलीत येऊन बसते, ती सगळ्यांत जास्त धूळ श्वासात घेते, आणि आपल्या बाबतीत ती व्यक्ती आपली मुलगीही असू शकते. फुप्फुसात साचलेल्या या कणांमुळे सिलिकोसिस होतो. तो वर्षानुवर्षांच्या संपर्काने हळूहळू होतो आणि एकदा झालेली हानी भरून निघत नाही.

मी एकदा खोली झाडल्यानंतर पाऊण तासाने दिवे मालवून हातातला टॉर्च आडवा धरून पाहिला होता. फळीवरची भांडी कोरडी आणि स्वच्छ दिसत होती, जमीन चकचकीत होती, पण प्रकाशाच्या त्या झोतात इतके कण फिरत होते की पलीकडची भिंत धूसर दिसत होती. त्या दिवसापासून झाडू खोलीबाहेर गेला. तोही केवळ झोतात दिसणाऱ्या कणांमुळे. सर्वांत घातक कण त्याहूनही बारीक असतात.

सफाई नेहमी ओलीच करावी. टेबल आणि चाक ओल्या स्पंजने पुसावे, जमीन भरपूर पाण्याने पुसून काढावी आणि पुसायचे पाणी वरचेवर बदलावे, कारण गढूळ पाणी वाळले की त्याचीच पुन्हा धूळ होते. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो, म्हणून तो वापरायचाच असेल तर हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, गाळणीचाच असावा. मातीचे तुकडे जमिनीवर पडले की ओले असतानाच उचलावेत, कारण ते पायाखाली वाळून चुरले की धुळीचा उगम तिथेच होतो. वाळलेली भांडी घासून गुळगुळीत करण्याऐवजी माती चामड्यासारखी कडक, म्हणजे अर्धवट ओली असतानाच कडा काढाव्यात, किंवा ओल्या स्पंजने पुसाव्यात. कोरड्या मातीची किंवा ग्लेझची (भांड्यावरच्या चकचकीत लेपाची) पूड मिसळायची वेळ आलीच, तर आधी भांड्यात पाणी घेऊन त्यात पूड हळूच सोडावी. ॲप्रन खोलीतच काढून ठेवावा आणि तो न झटकता धुवावा. घरी ॲप्रन घालून गेलो की धूळ घरी नेतो आणि ती लहान मुलांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवर, जाऊन बसते.

कापडी मास्क या धुळीला थांबवत नाही, त्यामुळे तो बांधल्याने नुसती निश्चिंतता येते, आणि तीच धोक्याची आहे.

भट्टीबद्दल थोडे. ही खोली लहान आहे आणि त्यात रंगाची विरलके आहेत, म्हणून भट्टी शक्यतो वेगळ्या जागी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेच्या भट्टीत धूर दिसत नसला तरी मातीतले सेंद्रिय पदार्थ आणि मेण जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. काही मातींमधून गंधकाचे वायूही निघतात. म्हणून भट्टीला बाहेर हवा नेणारी स्वतंत्र व्यवस्था असायलाच हवी. शिवाय भिंतीपासून ती सुमारे ४५ सेंटीमीटर दूर असावी, तिच्याभोवती जळणारे काही ठेवू नये आणि भट्टी चालू असताना कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे. आत डोकावताना उष्णतेची किरणे अडवणारा खास चष्मा लागतो, उन्हाचा चष्मा चालत नाही. आणि माती पूर्ण वाळल्याशिवाय भांडे भट्टीत ठेवू नये, कारण पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा घेते. भांडे फुटते ते या दाबाने.

तैलरंग

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्चचा प्रयोग आज रात्रीच करणार आहे. मुखवट्याबद्दल अजून गोंधळ आहे. धुळीचा आणि वाफांचा मुखवटा एकच असतो का? आणि मी वापरते त्यांत कॅडमियम रेड आणि फ्लेक व्हाइट हे रंग आहेत, तर नळीतल्या रंगापासूनही धोका असतो का?

ताम्रपट

मी छापाचित्रण करते, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे छापे काढते, त्यामुळे आम्ल, वाफा आणि यंत्रे या तिन्हींशी माझा रोजचा संबंध आहे. मुखवट्याच्या प्रश्नापासून लिहिते.

नाही, मुखवटा एकच नसतो. एन ९५ सारखा मुखवटा कण गाळतो, पण वाफ त्याच्यातून सहज आरपार जाते. वाफेसाठी रबरी कडांचा, कोळशाच्या डब्या लावायचा रेस्पिरेटर लागतो, आणि त्यातल्या सेंद्रिय वाफांच्या डबीवर अमेरिकी पद्धतीत काळा पट्टा असतो. अतिबारीक कणांसाठीच्या पी १०० गाळणीला त्याच पद्धतीत गडद गुलाबी रंग असतो, आणि दोन्ही एकत्र असलेल्या जोड-डब्याही मिळतात. रेस्पिरेटर चेहऱ्याला घट्ट बसायलाच हवा. डब्यांची तोंडे तळहाताने झाकून श्वास घेतला असता मुखवटा चेहऱ्याला ओढला जात असेल, तर तो नीट बसला आहे. दाढी असेल तर तो बसत नाही, याला कोणताही पर्याय नाही. काम झाल्यावर डब्या हवाबंद पिशवीत ठेवाव्यात, कारण उघड्यावर ठेवलेला कोळसा खोलीतल्या वाफा शोषत राहतो आणि न वापरताच संपून जातो. मात्र मुखवटा ही सर्वांत शेवटची गोष्ट आहे. आधी घातक द्रव्य बदलावे, मग हवा बाहेर काढावी, आणि एवढे करूनही जे उरते त्यासाठी मुखवटा. अनेक जण सुरुवातच मुखवट्यापासून करतात आणि खिडकी बंद ठेवतात.

रंगांबद्दल सांगायचे तर, नळीतला रंग तेलात बांधलेला असतो, त्यामुळे त्याची धूळ उडत नाही, आणि सर्वांत मोठा धोका असतो तो सुट्या भुकटीचा. भुकटी खलात घोटताना, वाळलेला रंग काचकागदाने घासताना आणि फवारताना जी धूळ किंवा फवारा उडतो, तो टाळावा. तरीही नळीतला रंग निरुपद्रवी नाही, कारण तो हातावरून तोंडात जातो. नळीवरचे रंगद्रव्याचे संकेत वाचायची सवय लावावी. पीडब्ल्यू १ म्हणजे शिशाचा पांढरा (आपला फ्लेक व्हाइट तोच), पीआर १०८ म्हणजे कॅडमियम रेड, पीवाय ३५ म्हणजे कॅडमियम यलो आणि पीवाय ३४ म्हणजे शिशाचे क्रोमेट. नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल, तर त्या छटेची नक्कल दुसऱ्या रंगद्रव्याने केलेली असते. ‘एएसटीएम डी-४२३६’ अशी खूण असली तर ती फक्त एवढे सांगते की उत्पादकाने धोक्यांची तपासणी करून लेबल लावले आहे. वस्तू निर्धोक आहे असे ती सांगत नाही.

ब्रशचे टोक ओठांनी करण्याची सवय काही जणांना असते. १९१७ नंतरच्या काळात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना रेडियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा रंग लावलेल्या ब्रशचे टोक ओठांनीच करायला शिकवले होते, आणि त्यापैकी अनेकींचा जबड्याचा आणि हाडांचा भयंकर आजार होऊन मृत्यू झाला. आपल्या नळीत रेडियम नाही, पण शिसे आणि कॅडमियम आहे, आणि ते त्याच वाटेने आत जाते.

आम्लाचे दोन शब्द, कारण छापाचित्रणाचे प्रयोग कधी ना कधी सगळेच करतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. नायट्रिक आम्लाने तांबे किंवा जस्त कोरताना तपकिरी वायू निघतो. तो श्वासात गेल्यावर माणसाला तेव्हा फार त्रास जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणूनच तांब्यासाठी मी फेरिक क्लोराइडच वापरते. तेही डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे, पण असा वायू सोडत नाही. डोळ्यांत काही उडाले तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावे आणि मग डॉक्टरकडे जावे.

नायट्राइल हातमोजे टर्पेंटाइन आणि रेझिनसाठी ठीक आहेत, पण ॲसिटोन त्यांतून लवकर आरपार जाते. फिरत्या यंत्रावर, म्हणजे ड्रिल, पॉलिशचे चाक, लेथ यांवर हातमोजे घालूच नयेत. एकदा बोट अडकले की मोजा हात आत ओढतो. केस बांधावेत, बाह्या आणि गळ्यातली साखळी काढावी.

जुना कॅनव्हास

मुलीबद्दल मी आधी लिहायचे राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. म्हणून जोवर पीडब्ल्यू १ खोलीत आहे तोवर तिने तिथे येऊ नये, असे माझे म्हणणे आहे. टायटॅनियम पांढरा, म्हणजे पीडब्ल्यू ६, बहुतेक कामांना चालतो. शिशाच्या पांढऱ्याचा पोत त्याला येत नाही हे मान्य, आणि तो मोह मलाही होता, पण आठ वर्षांपूर्वी मी तो सोडला. त्या नळ्या केराच्या टोपलीत न टाकता घातक कचरा गोळा करणाऱ्या व्यवस्थेकडे द्याव्यात.

तैलरंग

डबा आणला आहे आणि त्यात पाणी भरले आहे. झाडू बाहेर गेला. टॉर्चच्या झोतात मी जे पाहिले ते लिहिण्याची गरज नाही. मैत्रीणही पाहून गप्प झाली आणि तिने त्याच रात्री जमीन पुसून घेतली. फ्लेक व्हाइटच्या नळ्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. पंखा पुढच्या आठवड्यात बसेल. चिंध्यांचा डबा सध्या दाराजवळ ठेवला आहे, म्हणजे जाताना लक्षात राहते.

ओली माती

डबा दाराजवळून हलवावा. आपल्या खोलीला एकच दार आहे, आणि कधी झाकण उघडे राहिले, पाणी आटले व डब्यातूनच आग सुरू झाली, तर बाहेर पडायची वाट तिथेच अडेल. खिडकीच्या बाजूला, लाकूड आणि कॅनव्हासांपासून दूर, सिमेंटच्या जमिनीवर तो ठेवावा. अग्निशामक नळकांडे मात्र दाराजवळच असू द्यावे, म्हणजे ते हातात घेताना आपण बाहेर पडायच्या वाटेवरच उभ्या असाल.